पेपर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

“ताई, हा पेपर पॉझिटिव्ह म्हणायचा की निगेटिव्ह?” पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरचा हा प्रश्न. पेपर २०२० चा, लॅन्सेटच्या बाल-किशोर आरोग्यावरच्या जर्नलमधला. गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ संस्थेच्या गटाने दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत केलेली ही ट्रायल.

नववी ते बारावीचे, मानसिक त्रास असलेले २५० विद्यार्थी. निम्म्यांना ‘प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’च्या पुस्तिका आणि समुपदेशकाशी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटी. हे समुपदेशक मानसशास्त्रातले तज्ज्ञ नव्हते, या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेले होते. उरलेल्यांना त्याच पुस्तिका, पण समुपदेशक नाही.

सहा आठवड्यांनी दोन मापं लावली. एसडीक्यू ही २५ प्रश्नांची तयार प्रश्नावली. दुसऱ्या मापात विद्यार्थ्यानेच आपल्या मुख्य अडचणी सांगायच्या आणि प्रत्येकीला ० ते १० गुण द्यायचे. दुसऱ्यात समुपदेशकाच्या गटाला स्पष्ट फायदा दिसला, पहिल्यात नाही.

मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वहीत सरळ “उपयोग होतो” लिहून मोकळी झाले होते. तुम्ही तसं करू नका. गुण कोणी दिले ते बघा. मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, पण विद्यार्थ्याला आपण कोणत्या गटात आहोत ते ठाऊक होतंच. ज्या अडचणीवर ताई-दादा आपल्याशी तीन आठवडे बोलले, तिला भिडेखातर दोन गुण कमी दिले गेले नसतील का? माझी मुख्य शंका हीच. दुसरीकडे, दोन्ही मापं आधीच प्राथमिक म्हणून जाहीर होती, म्हणजे निकाल बघून सोयीचं माप निवडलं असं म्हणता येत नाही. शिवाय तुलना ‘काहीच नाही’शी नव्हती, पुस्तिकांशी होती. हा मुद्दा जर्नल क्लबमध्ये हमखास सुटतो. पुढे वर्षभराच्या पाठपुराव्यात दोन्ही मापांवर फरक दिसला, तेव्हा माझी शंका थोडी सैल झाली. गेली नाही.

पण मला जास्त आवडतो तो याच शाळांतला दुसरा अभ्यास. त्याची चर्चा कमी होते. ७० वर्गांत, मदत कुठे आणि कशी मिळते हे समजावणारं एक सत्र घेतलं. शाळाभर सरसकट केलेल्या प्रचारापेक्षा वर्गातल्या सत्रानंतर समुपदेशकाकडे येणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. आता, जास्त आले म्हणजे गरजूच आले असं नाही, हे तुम्ही विचारायलाच हवं. तरी प्रश्न योग्य जागी विचारलाय. मदत किती चांगली हे मोजण्याआधी तिच्या दारापर्यंत कोण पोचतं?

आमच्याकडेही समुपदेशन कक्ष होता. सूचना फलकावर, फीच्या नोटिशीखाली त्याचा कागद. दुसऱ्या वर्षी सलग काही महिने प्रयोग फसत होते, झोप उडाली होती. दोनदा त्या दारापर्यंत गेले. समोर गाईडची केबिन, दार उघडं. दोन्ही वेळा पाण्याची बाटली भरून परत आले. अशा माणसाची नोंद कुठल्याच ट्रायलमध्ये होत नाही, कारण नमुना मोजायला सुरुवात होते दार ठोठावल्यावर. आणि शाळाच सुटलेली मुलं तर या दोन्ही अभ्यासांच्या बाहेर आहेत.

ज्युनिअर म्हणाला, “मुलाखतीत एवढं बोलू देतील?” म्हटलं, निदान ‘कोणत्या मापावर पॉझिटिव्ह?’ एवढं तरी विचार.

आणि हो, तुमच्यापैकी कोणी बाटली भरून परत येत असेल तर टेलि-मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि समोर गाईडची केबिन नसते.