नावाची उधारी

(फुलसावंगी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, एखाद्या कंपनीच्या नावावरून गदारोळ उठला की आपल्याकडं एक ठरलेलं वाक्य येतं, 'भावना दुखावल्या'. माझा आक्षेप या वाक्यालाच आहे. ते खोटं नाही, पण फार तोकडं आहे. त्यानं चिडणारा माणूस हळवा ठरतो आणि नाव उचलणारा सुटतो.

नवा धंदा म्हटला की त्याला पत नसते. म्हणून तो पत असलेलं नाव घेतो. ही उधारीच झाली. आपल्या भागातल्या दुकानांच्या पाट्या बघा. माउली, जगदंबा, सेवालाल महाराज. कुणी चिडत नाही. का? कारण तो दुकानदार त्या नावापुढं रोज उदबत्ती लावतो, गावातच राहतो, मापात मारलं तर चारचौघांत त्याला ऐकून घ्यावं लागतं. त्याची उधारी रोज फिटते.

आता २०१७ साली अमेरिकेत काय झालं बघा. गूगलमधून बाहेर पडलेल्या दोघांनी एक स्टार्टअप काढलं. काचेचं कपाट, त्यात किराणा, मोबाइलवरून उघडायचं. नाव ठेवलं 'बोडेगा'. न्यूयॉर्कमध्ये बोडेगा म्हणजे कोपऱ्यावरचं छोटं दुकान, त्यातली कितीतरी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्थलांतरितांनी चालवलेली. नाव त्यांचं आणि धंदाही त्यांचाच खाणारा! पहिल्याच दिवशी बोंब उठली. संस्थापक म्हणाले, आम्ही आधी विचारलं होतं, ९७ टक्के लोकांना नाव खटकलं नाही. असेलही. पण विचारलं ते नावाबद्दल. 'तुमचं दुकान बंद पडलं तर चालेल का' असं विचारून बघायचं होतं. पुढं नाव बदलून 'स्टॉकवेल' केलं, आणि २०२० मध्ये कंपनीच गुंडाळली.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला माहीतच आहे, संभाजी बिडी. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची. कित्येक वर्षं ते नाव बंडलावर छापलं जात होतं. बिडी संपली की कागद गटारात, नाहीतर पायाखाली. छत्रपती संभाजी महाराजांचं नाव! २०२० मध्ये आंदोलन पेटलं, कंपनीनं नाव बदलायचं कबूल केलं आणि २०२१ मध्ये 'साबळे बिडी' आली. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत शिवाजी महाराजांचं नाव आहे, त्यामुळं ते धंद्यासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाही. शंभूराजांच्या नावासाठी मात्र लोकांना रस्त्यावर यावं लागलं. ते आले, बरं झालं. 'नावात काय आहे' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, काही नव्हतं तर घेतलं कशाला?

पण या आंदोलनाकडंही टीकेच्या नजरेनं बघायला पाहिजे. हिशोब मागायला निघालेली माणसं पहिल्या ओळीवरच थांबली. बंडलावर नाव होतं, आत काय होतं? तेंदूपत्ता, जो आपल्या विदर्भाच्या जंगलात मे महिन्याच्या उन्हात तोडला जातो. तंबाखू. आणि बायांची बोटं, कारण बिड्या वळण्याचं काम बहुतेक बायाच करतात, घरबसल्या, हजारावर मजुरी. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे तिला मिळत नाहीत, ही या धंद्यातली जुनी तक्रार. महाराजांच्या नावावर कमावलेल्या पैशातला किती वाटा तिच्याकडं गेला, हा प्रश्न त्याच व्यासपीठावर शोभला असता. उलट नाव बदलायचं म्हटल्यावर कामगारांच्या पोटाचा विषय निघाला तो कंपनीकडून, वेळ मागून घेण्यासाठी!

इथं कॉलेजातली पोरं बसलीत. उद्या तुमच्यातलं कुणी हळदीची, कापसाची कंपनी काढेल आणि पोत्यावर एखाद्या संताचं नाव छापेल. जरूर छापा. फक्त त्या पोत्यातल्या हळदीला भाव काय दिला, ते विचारायला तुमच्या दारात माणसं येतील, तेव्हा 'भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व' असं पत्रक काढू नका. खातेवही काढून दाखवा.