मेणवलीच्या घाटावरची घुमटी

वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली आहे. तिथल्या नाना फडणवीसांच्या वाड्यामागून पायऱ्या उतरू लागलो की आपण अर्धचंद्राकृती वळलेल्या दगडी घाटावर येतो. मेणवलेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे इथे आहेत. ती सावकाश पाहावीत. माझे मन मात्र गुंतते ते शेजारच्या छोट्या दगडी घुमटीत. देवळाचा डौल अंगी बाणवलेल्या या इवल्या वास्तूत मुक्काम आहे तो एका घंटेचा.

जरा जवळ जाऊ या. तिचा घेर पाहा, खाली येता येता उमलत गेलेली तिची कड पाहा. आपल्या सभामंडपातल्या घंटांहून ही घडण किती निराळी! अंगावर १७०७ हे वर्ष आहे, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा त्यांतलीच, आणि मेणवलीची ही घंटाही. ही विजयाची खूण खरी, पण तिच्यावरची माय-लेकरे कोणी घासून पुसून टाकली नाहीत. पेशवाईतल्या एका मुत्सद्द्याच्या घाटावर, शिवाच्या शेजारी, त्या परक्या मातेला हक्काचे छप्पर मिळाले, यात मला या जागेचे सर्वांत गहिरे सौंदर्य दिसते.

त्याच अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्टूरहेडला हेन्री होअर हा धनिक पेढीवाला आपल्या उद्यानात तळे आणि त्याच्या काठी ग्रीक-रोमन धर्तीची देवळे उभारत होता. फिरताना नजरेला विसावा मिळावा, पाण्यात प्रतिबिंब पडावे, हे त्यांचे प्रयोजन. मेणवलीतही नजरेचे लाड आहेतच. पण इथल्या पाण्याला माणसांचा हात लागलेला असतो, स्नानाला, धुण्याला, घागरीला. शोभा आणि नित्याचा व्यवहार इथे एकाच पायरीवर बसतात.

म्हणून अगदी खालच्या पायरीवर उतरावे आणि पाण्याकडे पाठ करून वर पाहावे: पायऱ्यांच्या वळत चढत जाणाऱ्या ओळी, घुमटी, देवळांची शिखरे, आणि नानांचे मोडी दप्तर ज्याने सांभाळले त्या वाड्याची भिंत. नजर कुठेही अडखळत नाही. प्रत्येक दगड तिला पुढच्या दगडाच्या हवाली करतो.