पुस्तकांची जाहिरात : गिरगाव ते चैत्यभूमी

एकोणिसाव्या शतकात मराठी पुस्तकाची जाहिरात बहुधा दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असे. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या ग्रंथांना अशा याद्या जोडलेल्या आढळतात : ग्रंथाचे नाव, टीकाकार, किंमत, टपालहशील. विशेषणे फारशी नाहीत. काय वाचायचे हे वाचकाला कळते, त्याला फक्त ग्रंथाचा पत्ता हवा, असा या याद्यांचा भाव आहे. आजच्या कित्येक जाहिरातींत वाचकाचा एवढा मान राखलेला दिसत नाही.

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला आणि वाचन हा सणाच्या खरेदीचा भाग झाला. त्याबरोबर चित्राला महत्त्व आले. १९४५ पासून ‘दीपावली’ काढणारे दीनानाथ दलाल, तसेच चित्रकार रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी स्टॉलवर दोरीला टांगलेला अंक लांबूनच ओळखू येई. चित्रे देखणी होती, मात्र आत काय आहे याच्याशी त्यांचा संबंध अनेकदा नसे. अंकाचा खर्च निघे तो आतल्या जाहिरातींवर. आजही बँका आणि सरकारी खात्यांची शुभेच्छांची पाने अंकाला तगवतात. वाचक ती न वाचताच उलटतो.

पुस्तकांच्या जाहिरातीतला सर्वांत विचारपूर्वक प्रयोग गिरगावात झाला. मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केले. मुळात ते ग्रंथव्यवहाराचे मासिक : कोणाचे काय छापून होत आहे, कोण काय लिहीत आहे, नव्या पुस्तकात काय आहे. म्हणजे अंकभर पुस्तकांची जाहिरातच. तरीही त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांची आणि साहित्यसंस्थांची यथेच्छ टोपी उडवत, आणि वाचक आधी तेच पान उघडत. पुस्तके विकणाऱ्याने आपल्याच व्यवहारातल्या माणसांची थट्टा छापू दिली, म्हणून त्याने केलेल्या शिफारशीवर विश्वास बसला. ‘ललित’चे खरे यश इथे आहे. पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सभासद करून घेतले, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये तिथूनच आले. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये काढलेल्या ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेने मजकूर आणि जाहिरातीचा संबंध उलटा केला. तिथे तारखांच्या मागच्या पानांवर नामवंतांचे लेख आले, आणि त्या मजकुराच्या आधाराने इतरांच्या जाहिराती वर्षभर घरात राहिल्या.

आजचे चित्र विस्कळीत आहे. काही शे प्रतींच्या आवृत्तीला वर्तमानपत्रातली जाहिरात परवडत नाही, त्यामुळे प्रकाशक फोनवर फिरणाऱ्या पोस्टरांकडे वळले आहेत. त्यांत मुखपृष्ठ, प्रकाशनपूर्व सवलत, लेखकाचा हसरा फोटो आणि पैसे भरण्याचा क्रमांक असतो. पुस्तकातला मजकूर शोधून सापडत नाही. सवलतीचा आकडा शीर्षकापेक्षा मोठा छापण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण तिच्यामुळे पुस्तकाची छापील किंमत खोटी वाटू लागते. दोन-चार विक्रेते पुस्तकातले एखादे पान वाचून दाखवणारे छोटे व्हिडिओ करतात. तेवढा मार्ग आशेचा आहे.

इतर जाहिरातींतही पुस्तकाची हीच गत. दादरच्या शिकवणी क्लासांच्या फलकांवर वाचन म्हणजे गुण आणि टक्के. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. तिथल्या घरांच्या जाहिरातींत पुस्तके दिसलीच तर एका उंचीची, एका रंगाची, नावे नसलेली. ज्या भागात कामगार कल्याण केंद्रांची वाचनालये चालली, तिथे पुस्तक आता भिंतीची शोभा झाले आहे.

या सगळ्याबाहेर ६ डिसेंबरचा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनाचा, शिवाजी पार्क आहे. चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी जमिनीवर प्लास्टिक अंथरून पुस्तके मांडलेली असतात : बाबासाहेबांची भाषणे, चरित्रे, बुद्धविचार, संविधानाच्या प्रती, वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली किंमत आणि विक्रेत्याची हाक, एवढीच जाहिरात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसे ती पुस्तके उभ्यानेच चाळतात आणि पिशवीत भरून नेतात. अनेक छोटे प्रकाशक आपली नवी पुस्तके या दिवसासाठी तयार ठेवतात.