घाट दिसतो, वाट दिसत नाही

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि पुढच्या चार-पाच दिवसांत दिवे घाटाचा फोटो महाराष्ट्रातल्या बहुतेक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. वरच्या वळणावरून लांब लेन्सने घेतलेला, खाली नागमोडी रस्ता, त्यात पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका इतक्या दाटलेल्या की डांबर दिसू नये. आकाशात ढग असले तर आणखी चांगलं. हा फोटो सुंदरच असतो, गेली कित्येक वर्षं सुंदर असतो. पण लांब लेन्स अंतर चेपते. प्रत्यक्षात दोन दिंड्यांमध्ये मोकळी जागा असते, कारण प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, पखवाज वेगळा, अभंग वेगळा. एकीचे टाळ दुसरीत मिसळू नयेत म्हणून माणसं ते अंतर राखून चालतात. घाटाच्या फोटोत नेमकं तेच नाहीसं होतं. शेकडो दिंड्यांची शिस्तीची चाल एका गर्दीत विरघळते, आणि ती गर्दी म्हणजेच वारी असं आपण धरून चालतो.

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातला घाट जेमतेम काही किलोमीटरांचा, पुणे ते सासवड या लांबलचक मजलीतला एक तुकडा. बाकीची वाट जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर अशी सरकते आणि तिचं चित्र आपल्याकडे जवळपास नाही. जे आहे ते ठरावीक आहे: घाट, रिंगणात दौडणारा अश्व, फुगडी घालणाऱ्या बायका, सुरकुतलेल्या चेहऱ्याची आजी, चंद्रभागेचं स्नान. वारीच्या छायाचित्रणात आज तंत्राची अडचण नाही, हौसेचीही नाही. त्यात चालणं नाही, ही त्याची उणीव आहे. फोटोग्राफर गाडीने ठरलेल्या जागी पोहोचतो, चित्र मिळवतो, संध्याकाळपर्यंत पाठवतो आणि परततो. वारकऱ्याचा दिवस मात्र पहाटे काळोखात सुरू होतो आणि त्यातले बरेच तास काहीच घडत नाही. पावलं पडत राहतात, एवढंच. हे न घडणं चित्रात आणणं फार कठीण आहे, आणि ते जमेपर्यंत वारीचं छायाचित्रण अपुरं आहे असं मला वाटतं.

मराठी गद्याने हे काम फार पूर्वी केलं आहे. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचं १९६४ सालचं ‘पालखी’ आजही पुन्हा वाचावंसं वाटतं, कारण दोघंही वाटेवर थांबली, वारकऱ्यांबरोबर जेवली, झोपली. बरोबरीने चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, ही बोच इरावतीबाईंनी लपवली नाही. घाटातल्या फोटोत ही गोष्ट दिसणं शक्यच नाही. ती दिसायला पंगतीपर्यंत जावं लागतं, ट्रकच्या आडोशाला पेटलेल्या चुलीपाशी बसावं लागतं. त्या जागी कॅमेरा क्वचित पोहोचला आहे.

अपवाद आहेत, आणि ते मोलाचे आहेत. गुंथर सोंथायमर आणि हेनिंग श्टेगम्यूलर या जर्मन जोडीने वारीवर माहितीपट केला. सोंथायमर खंडोबा आणि धनगर परंपरेचे अभ्यासक, त्यामुळे वारीकडे नवलाच्या नजरेने पाहण्याचा टप्पा त्यांनी आधीच ओलांडला होता. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे छायाचित्रांचं पुस्तक हा आणखी एक अपवाद. भंडारे यांनी ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ करताना फडाची माणसं जवळून पाहिली होती, आणि वारीतही त्यांचा ओढा गर्दीपेक्षा माणसांकडे आहे. उद्धव ठाकरे यांचं २०११ सालचं ‘पहावा विठ्ठल’ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यातल्या हवाई छायाचित्रांनी वारीचा पसारा, नदी आणि गाव यांचं नातं पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दाखवलं. ते काम आपल्या जागी ठीक आहे. पण पुढे ड्रोन स्वस्त झाले आणि वरून पाहणं ही सवयच होऊन बसली. आता पालखी सोहळ्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवू नयेत म्हणून पोलिसांना मनाईचे आदेश काढावे लागतात. वरून पाहिलेल्या वारीत कोणाचीच टाच भेगाळलेली नसते.

रिंगणाचंच घ्या. सदाशिवनगरला किंवा वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी गोल रिंगण लागतं, तेव्हा आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, पखवाजवाले, टाळकरी, आणि शेवटी अश्व. एक अश्व स्वाराचा, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. हे अश्व कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. सगळे फोटो याच अश्वाचे, चारी पाय जमिनीवरून सुटलेले. पण हंड्याइतकं जड तुळशीवृंदावन डोक्यावर तोलून पन्नाशीची बाई ज्या वेगाने धावते, तो फोटो मी त्याच्या शतांशानेही पाहिलेला नाही. अश्व गेला की माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. तेवढ्यात मानकऱ्यांची धांदल, दोऱ्या आवरणं, कोणाचं पायताण कोणाच्या पायात. खरं रिंगण तिथे दिसतं, आणि नेमक्या तेव्हा बहुतेक कॅमेरे बॅगेत गेलेले असतात.

त्याहून मोठं नुकसान संध्याकाळचं. पालखी तळावर आली की समाजआरतीसाठी दिंड्या तळावर आपापल्या जागी उभ्या राहतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी: कोणाचं पाकीट, कोणाचा चष्मा, कोणाची पिशवी. दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. एवढ्या मोठ्या लोकसमूहाचं रोजचं कामकाज एका दंडावर चालतं. छायाचित्रकाराला यापेक्षा मोठा विषय कोणता मिळणार? पण तेव्हा उजेड सरलेला असतो, अंकाची वेळ झालेली असते, गाड्या पुण्याकडे वळलेल्या असतात. त्यामुळे वारीचा भावनेचा भाग लाखो फोटोंत आहे आणि तिची व्यवस्था, म्हणजे ज्यामुळे ती दोन शतकं टिकली तो भाग, अंधारात आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची घडी घालून दिली. ती घडी दाखवणारी एक सलग चित्रमालिका आपल्याकडे असायला हवी होती.

चेहऱ्यांबद्दल मला अधिक परखडपणे बोलायचं आहे. वारीतल्या आजीचा जवळून घेतलेला कृष्णधवल चेहरा स्पर्धेत हमखास निवडला जातो. फोटोखाली नाव नसतं, गाव नसतं, फार तर ‘श्रद्धा’ असं शीर्षक असतं. ती कोणत्या तालुक्यातून आली, पेरणी उरकून आली की टाकून, दिंडीची भिशी कशी भरली, यातलं काही विचारलेलं नसतं. पहाटे टँकरखाली अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो तर सर्रास काढले आणि छापले गेले आहेत. आडोसा मिळत नाही म्हणून नाइलाजाने उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बाईला भक्तीचं प्रतीक करणं हा अन्याय आहे, आणि संपादकांनी असे फोटो सरळ परत करायला हवेत.

याच्या उलट एक फोटो वारकरी स्वतः पैसे देऊन काढून घेतात. पंढरपुरात मंदिराच्या आसपासच्या स्टुडिओंत विठ्ठल-रुक्मिणीच्या चित्रासमोर उभं राहून. नवी टोपी, ताजा बुक्का, बायको शेजारी, दोघंही ताठ, नजर सरळ कॅमेऱ्यात. यात थकवा नाही, सुरकुत्यांचं कौतुक नाही. आपण कसं दिसावं हे इथे वारकऱ्याने ठरवलेलं असतं. असे हजारो फोटो खेडोपाडी भिंतींवर आहेत आणि छायाचित्रणावर लिहिणाऱ्यांनी त्यांना कधी कला म्हणून मोजलं नाही. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. मुक्कामाच्या गावी चार्जिंगच्या टेबलावर ओळीने फोन पडलेले असतात, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. दुपारच्या विसाव्याला बायका घरी व्हिडिओ कॉल लावतात, पाऊस झाला का विचारतात, फोन फिरवून दिंडी दाखवतात. हे त्यांचं स्वतःचं चित्रण आहे आणि त्यात चालणं आपसूक येतं, कारण घेणारी चालत असते.

दरम्यान वाटच बदलली. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामांचं भूमिपूजन २०२१ च्या नोव्हेंबरात झालं. रुंदीकरणात जुनी वडाची झाडं गेली, विसाव्याच्या जागा सरकल्या, जेजुरीपुढचा रखरखीत टापू आता काँक्रीटवरून तुडवावा लागतो. काँक्रीट पायाला किती तापतं ते चालणाऱ्यालाच कळतं. एकाच वळणावर दरवर्षी एकाच जागेवरून एक फोटो घेतला असता, तरी आज हा बदल डोळ्यांसमोर उभा राहिला असता. तशी मालिका माझ्या पाहण्यात नाही. २०२० साली पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला गेल्या, त्याचे फोटो मात्र आहेत, आणि ते वारीच्या अलीकडच्या चित्रणातले सर्वांत बोलके फोटो आहेत. गर्दी नसल्यामुळे छायाचित्रकाराला पहिल्यांदा बारकाव्यांकडे वळावं लागलं.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, तशा नजरेने एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचं चंद्रभागेचं वाळवंट कोणी पाहायला हवं. यात्रा संपल्यावर ते वाळवंट साफ करणारी माणसंही या वारीचीच आहेत. आणि चिकाटीचा नमुना हवा असेल तर मार्केता लुस्काचोव्हाचा. समाजशास्त्र शिकलेली ही चेक छायाचित्रकार १९६० च्या दशकात स्लोव्हाकियातल्या यात्रांमध्ये फिरली. यात्रेकरू जिथून येत त्या शुमियाट्स गावी ती जाऊन राहिली, पुन्हा पुन्हा गेली. तिच्या फोटोंत यात्रा कमी आणि यात्रेकरू जास्त आहेत. आपल्याकडे वारकरी पंढरपुरातून घरी गेला की छायाचित्रकाराचा आणि त्याचा संबंध संपतो.

पालखी तर परतही चालत येते, हे कितीकांना ठाऊक आहे? आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की ती आळंदीकडे निघते. मजला मोठ्या असतात, माणसं मोजकी, कमानी उतरलेल्या, आणि साधारण दहा दिवसांत वाट संपते. दैनिकाला या दिवसांत रस नसतो, हे समजण्यासारखं आहे. दिवाळी अंकांना मात्र आषाढापासून तीन महिने मिळतात, आणि सलग आठ-दहा पानं चित्रमालिकेला देण्याची ताकद मराठीत अजून त्यांच्याकडेच उरली आहे. संपादकांनी प्रस्थानाच्या आधीच एखाद्या छायाचित्रकाराला हे काम सांगावं, मानधन ठरवावं, तळावर राहायची अट घालावी, फोटोखाली नाव-गाव मागावं, आणि परतीचे दहा दिवसही त्या कामात धरावेत.