'सोनाटा' : नेटवर्क-निरीक्षणाच्या एका प्रणालीचे समीक्षण

नेटवर्कमधील वाहतुकीचे निरीक्षण करताना दोन अडचणी समोर येतात. प्रत्येक पॅकेट तपासावयाचे तर विश्लेषण करणारे सर्व्हर अपुरे पडतात. मोजकीच पॅकेट्स नमुना म्हणून घ्यावीत तर लहान परंतु घातक हालचाल निसटते. २०१४ मध्ये मांडली गेलेली 'पी-फोर' ही भाषा व प्रोग्रामेबल स्विच यांमुळे बरीचशी मोजणी स्विचमध्येच करणे शक्य झाले. अर्पित गुप्ता व सहकाऱ्यांनी २०१८ च्या 'सिगकॉम' परिषदेत मांडलेली 'सोनाटा' ही प्रणाली या विचाराचे महत्त्वपूर्ण फलित होय.

सोनाटामध्ये व्यवस्थापक केवळ प्रश्न लिहितो. उदाहरणार्थ, एखाद्या पत्त्यावर अल्पावधीत प्रमाणाबाहेर जोडणी-विनंत्या येत आहेत काय? या प्रश्नाचा कोणता भाग स्विचने व कोणता सर्व्हरने सोडवावयाचा, हे प्रणाली ठरविते. त्यामुळे सर्व्हरवरील भार आधीच्या प्रणालींच्या तुलनेत कमाल एक कोटी पटींपर्यंत घटतो, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. श्रमविभागणीची ही कल्पना निश्चितच मौलिक आहे.

तथापि या आकड्यामागील किंमत लक्षात घेणे आवश्यक आहे. स्विचची स्मृती मर्यादित असल्याने प्रथम पत्त्यांच्या मोठ्या गटांची मोजणी होते व संशयास्पद गटाची बारकाईने तपासणी पुढील कालखंडात होते. पहिल्याच कालखंडात संपणाऱ्या हल्ल्याचे नेमके लक्ष्य त्यामुळे अज्ञात राहू शकते. दुसरे असे की, स्विचने गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. जो प्रश्न आधी सुचला नाही, त्याचे उत्तर नंतर शोधता येत नाही. अपरिचित हल्ल्यांच्या संदर्भात ही उणीव गंभीर ठरते.

यंत्रसामग्रीवरील अवलंबित्व हा तिसरा मुद्दा होय. सोनाटाच्या प्रयोगांत वापरलेली 'टोफिनो' ही चिप 'बेअरफूट नेटवर्क्स'ची; ही कंपनी इंटेलने २०१९ मध्ये ताब्यात घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये या चिपच्या पुढील पिढ्यांचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. स्विच प्रोग्रामेबल असला, तरी तो उपलब्ध राहील की नाही हे उत्पादकच ठरवितो.

सारांश, सोनाटाचे चिरस्थायी मूल्य चिपमध्ये नसून प्रश्न व यंत्र यांच्या विभक्तीकरणात आहे. पी-फोरचा सॉफ्टवेअर स्विच साध्या संगणकावरही चालतो. त्यावर वेगाची परीक्षा होणार नाही. मात्र कोणता प्रश्न विचारावा आणि त्यासाठी काय गमवावे लागते, याचा अभ्यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही निश्चितपणे होऊ शकेल.