गैरहजेरीचे वाङ्मय

शाळेसंबंधी मराठीत ज्या क्रिया रूढ आहेत, त्यांत 'बुडविणे' ही मला सर्वांत बोलकी वाटते. आपण कर्ज बुडवितो, धंदा बुडवितो, प्रसंगी घराण्याचे नाव बुडवितो. आणि त्याच मालिकेत शाळाही बुडवितो. कर्ता स्पष्ट, त्याचा अपराधही स्पष्ट. परंतु याच धातूचे अकर्मक रूप खेड्यातील आयाबायांच्या तोंडी अधिक ऐकू येते. 'पोराची शाळा बुडाली', असे त्या म्हणतात. या वाक्यात अपराधी कोणीच नाही. पाऊस लांबला, गाय व्याली, धाकटे पोर तापाने फणफणले, कापूस फुटला, आणि शाळा बुडाली. व्याकरणाच्या दृष्टीने हा भेद एका प्रत्ययाचा आहे; पण शिक्षणखात्यास तो शतकाहून अधिक काळ उमगलेला नाही, आणि आपल्या वाङ्मयासही तो फार उशिरा उमगला, असे माझे मत आहे. ते येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

हे मत मजकडे पुस्तकांतून आलेले नाही. कारंजा तालुक्यातील कामरगाव हे माझे आजोळ. हा सारा मुलूख कापसाचा; सोयाबीनने त्यास मागे सारले ते पुढे. दिवाळीनंतर शाळा उघडावी आणि त्याच सुमारास बोंडे फुटावीत, हा तिकडचा जुना योग. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या काळी बहुतेक शाळांतून हेच चालत असे. वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा ओस पडे आणि मास्तर चार दांडगी मुले पाठवून गैरहजर पोरास उचलून आणवीत. दोघांनी हात धरावयाचे, दोघांनी पाय, आणि मागून बघ्यांची मिरवणूक. एके दिवशी अशा दोन मिरवणुका एकदमच वर्गात पोचल्या. एक माझी होती. मी गावाबाहेरच्या चिंचेखाली गोट्या खेळताना सापडलो होतो. दुसरा मुलगा आईबरोबर वावरात कापूस वेचीत होता; त्याच्या कमरेचा ओटा अर्धा भरलेला होता आणि तो तसाच उचलून आणला गेला होता. मास्तरांनी आम्हां दोघांस सारख्याच छड्या मारल्या. त्यांत त्यांचा पक्षपात नव्हता, हे मला कबूल आहे. किंबहुना तोच त्यांचा दोष होता. मी दुसऱ्या दिवसापासून नियमाने शाळेत जाऊ लागलो. तो पुन्हा कधी आला नाही.

आता अधिकाऱ्यांच्या बाजूचा इतिहास थोडक्यात पाहू. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागितले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. त्याचा दाखला देत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. पुढील वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण पुकारले आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. ही माणसे थोर होती आणि त्यांच्या विरोधकांपुढे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. तथापि सक्तीच्या कल्पनेत एक गृहीत दडलेले असते. पालक अज्ञानी आहे, त्यास शिक्षणाचे मोल कळत नाही. दंडाचा बडगा दाखविला की कळेल, असे ते गृहीत होय. ज्यास मोल कळते पण परवडत नाही, त्याचे काय, हा प्रश्न दंडाच्या पावतीवर लिहिण्यास जागा नसते.

तो प्रश्न सविस्तर लिहिला आनंद यादवांनी. आणि योगायोग असा की लिहिला तो कागलचा, म्हणजे ज्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, त्याच घराण्याच्या गावचा. 'झोंबी' १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पुस्तकाची कीर्ती मोठी आहे, पण ती बहुधा चिकाटीची गाथा म्हणून गाइली जाते. मला त्यातील एकच प्रसंग पुनःपुन्हा वाचावासा वाटतो. वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात जुंपलेला आनंदा आईस घेऊन गावच्या दत्ताजीराव देसायांकडे जातो. दत्ताजीराव बापास बोलावून खडसावतात. आता बाप काय उत्तर देतो ते पाहण्यासारखे आहे. शेताचे काम अडते, हे खरे कारण तो पुढे करीत नाही. पोरगा शेणी विकतो, वैरण विकतो, सिनेमा पाहतो, खेळतो, म्हणून त्यास शाळेतून काढले, असे तो सांगतो. म्हणजे 'बुडाली'चा सारा व्यवहार 'बुडविली'च्या भाषेत मांडतो. उनाड पोराची गोष्ट सांगितली की कोणताही प्रतिष्ठित माणूस मान डोलावील, हे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बापास पक्के ठाऊक आहे. अधिकाऱ्यांची भाषा तो अधिकाऱ्यांहून चांगली जाणतो.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे तडजोडीच्या अटी. सकाळी उठून मळ्यास पाणी पाजावयाचे आणि मग अकराची शाळा गाठावयाची. शाळेतून आल्यावर गुरे राखावयाची. आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेस सुट्टी घ्यावयाची. अर्थात् या मुलाची गैरहजेरी ही त्याच्या शिक्षणाची एक अटच होऊन बसते. तो शाळेत जाऊ शकतो तो शाळा बुडविण्याच्या बोलीवर. शिक्षणशास्त्रावरील किती तरी ग्रंथ मी चाळले आहेत. हे वाक्य मला कोठे भेटले नाही.

टीकाकाराने येथे एक शंका काढणे प्राप्त आहे. दत्ताजीरावांचा प्रसंग वाचताना आपल्याला फार समाधान होते, आणि ते समाधान मला संशयास्पद वाटते. बापावर जो वचक चालला तो कायद्याचा नव्हे, गावातील एका वजनदार माणसाच्या शब्दाचा. ज्या पोरास असा दत्ताजीराव भेटला नाही त्याची 'झोंबी' लिहिली गेली नाही. यादव हे लपवीत नाहीत, पण आपण वाचक ते सोयीस्करपणे विसरतो. उलट, पुढच्या भागात यादव शाळेसही सोडीत नाहीत, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण होय. परत आलेल्या आनंदास वर्गातील एक मुलगा त्याच्या वेषावरून हिणवितो, त्याचे फडके ओढून घेतो, आणि पुन्हा इकडे येऊच नये, असे त्यास वाटू लागते. घराने सोडले तर शाळा हाकलते, अशी ही कोंडी. ती फुटते ती वसंत पाटलासारख्या सोबत्यामुळे आणि कविता गाऊन शिकविणाऱ्या सौंदलगेकर मास्तरांमुळे. मळ्यात पाणी पाजताना ज्याला एकटेपणा खायला उठत असे, तोच आता एकटा राहण्याची वाट पाहतो, आणि कागद हाती नसेल तर म्हशीच्या पाठीवर काडीने अक्षरे ओढतो. हजेरीची सक्ती न करता हजेरी लावणारे मास्तर ते हेच.

इंग्रजी वाङ्मयाशी ज्यांचा परिचय आहे त्यांस मार्क ट्वेनचा हकलबरी फिन येथे आठवेल. त्याचाही बाप मुलाने शाळेत जाऊ नये म्हणून त्यास मारतो, आणि मुलगा केवळ बापास चिडविण्यासाठी हट्टाने शाळेत जातो. परंतु हकचा बाप दारुडा आहे, आणि मुलगा आपल्यापेक्षा शहाणा होईल ही त्याची जळफळ आहे. ट्वेन त्यास हास्यास्पद करून मोकळा होतो. आनंदाचा बाप तसा नाही. गावात हिंडावयास मोकळीक मिळावी म्हणून तो पोरास जुंपतो हे खरे, पण गुऱ्हाळ इतरांच्या आधी लागले तर गुळाला भाव बरा येतो, हा त्याचा हिशेब वेड्याचा नव्हे. त्याचा राग येतो, पण त्याला हसता येत नाही. मराठी पुस्तकाची ही सरशी मी निःसंकोच मान्य करतो.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) याच्या नेमके उलट चित्र आहे. तेथील कैकाडी बापास मुलाने शिकावे असे मनापासून वाटते, पण गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव टोपल्या विणीत फिरणाऱ्या कुटुंबाचे मूल कोणत्या गावच्या हजेरीपटावर नांदावे? बिऱ्हाड हलले की शाळा बुडाली. 'फँड्री' या २०१३ सालच्या चित्रपटात नागराज मंजुळे यांनी कैकाडी घरातील जब्या उभा केला आहे. बाप त्यास डुकरे धरावयास नेतो, आणि ती धरपकड चालते शाळेच्याच आसपास, वर्गसोबत्यांच्या डोळ्यांदेखत. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होते आणि हाताशी आलेले डुकर सोडून सारे कुटुंब ताठ उभे राहते. त्या क्षणी जब्या शाळेच्या नियमात आहे, फक्त शाळेत नाही. शेवटी त्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या रोखाने येतो याचे कित्येकांस वाईट वाटले; मला तो योग्य पत्त्यावर टाकलेला वाटला.

आपल्या पांढरपेशा वाचकास प्रिय असलेले पुस्तक मात्र 'शाळा' (२००४) हे होय, आणि त्यात गैर काही नाही. आणीबाणीच्या दिवसांत नववीत असलेला मुकुंद जोशी आणि अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारे त्याचे मित्र मिलिंद बोकीलांनी इतक्या जिवंतपणे रंगविले आहेत की आपण आपलेच बालपण वाचतो आहोत असे वाटते. तेथे तासांपेक्षा तासांबाहेरचे जग मोठे आहे. पण या मुलांच्या शाळेला धोका नाही. ती काही झाले तरी त्यांचीच आहे. आपल्या वर्गाने गैरहजेरीकडे लाडिक खोडी म्हणून पाहण्याची सवय अशाच आठवणींतून लावून घेतली, आणि तीच नजर दुसऱ्याच्या पोराकडे वळली की तिची छडी झाली.

लाडिक खोडीपेक्षा पुढची मजल आपण अलीकडे गाठली आहे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुलगा दोन वर्षे प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गात, ही व्यवस्था आता सुशिक्षित घरांतून राजरोस चालते. २०१८ साली शासनाने त्यावर उपाय म्हणून विज्ञानशाखेच्या अकरावी-बारावीस बोटाच्या ठशाची हजेरी फर्माविली. या मुलांस हातपाय धरून कोणी उचलून आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांची गैरहजेरी फी भरून घेतलेली आहे.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने छडी बंद केली, ही लहान गोष्ट नव्हे. मुलास शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले, पण दंड ठेवला नाही. हजेरीची जबाबदारी स्थानिक शासनावर आणि शिक्षकावर टाकली. शाहूंच्या दंडाचा एक रुपया उलटा फिरून आधीच आला होता. १९९२ पासून मागास व गरीब घरांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींस हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता सुरू झाला. हेतू उत्तम, पण पुढे अनेक वर्षे तो रुपया रुपयाच राहिला, आणि वेचणीची मजुरी मात्र वाढत गेली. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, आणि तिचा आकडा फार थोडा आहे अशी टीका लगोलग झाली. महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर असेल तोच शाळाबाह्य, ही व्याख्या धरली की महिन्यातून एकदा तोंड दाखविणारा मुलगा शाळेतच असतो. शिवाय जाब आता शिक्षकास द्यावा लागतो. मग रिकामे घर रिकामे ठेवण्याचे धैर्य त्याने कोठून आणावे? पूर्वी पट पोरास धमकावी, हल्ली तो वरिष्ठांस खूश ठेवतो. पोर का आले नाही हे लिहिण्याचा रकाना पूर्वीही नव्हता.

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गास मी 'झोंबी'तील तो अटींचा भाग वाचून दाखविला. शहरातील मुले गलबलली. मागच्या बाकावरील, कामरगावच्या बाजूचा एक विद्यार्थी मात्र शांत होता. तास संपल्यावर तो म्हणाला, "सर, यात नवल काय हाय? आमच्या घरी हेच चालू हाय अजून. सकाळी वेचून येतो, दुपारच्या तासाला बसतो." मी खोलीत येऊन पट उघडला. त्याच्या नावापुढे त्या महिन्यात सकाळच्या तासाची अकरा घरे रिकामी होती. ती मीच ठेवलेली होती, आणि पाऊण हजेरी भरत नाही म्हणून परीक्षेस बसू न देण्याच्या यादीत त्याचे नाव आदल्याच दिवशी माझ्या सहीने कार्यालयात गेले होते.