नाव एक, माणसे अनेक

'मेटल' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीताची चर्चा ह्या मासिकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु जे संगीत मुंबईत निपजले व ज्याने आपला विषय आपल्याच पुराणांतून घेतला, त्यास परके म्हणून दाराबाहेर ठेवणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

'डीमॉनिक रेझरेक्शन' हा वाद्यवृंद श्री. साहिल मखिजा ह्यांनी २००० साली मुंबईत स्थापिला. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डीमन किंग' (२०१४) व 'दशावतार' (२०१७) ह्या त्यांच्या प्रमुख कृती. २०१० साली इंग्लंडातील 'मेटल हॅमर' मासिकाने त्यांस पारितोषिकही दिले. ह्या अवधीत वादक आले आणि गेले. संस्थापक तेवढे अढळ राहिले.

'दशावतारा'त दहा गीते, प्रत्येक अवतारास एक. तत्त्व एक आणि देह दहा, ही कल्पना ज्या वृंदाचे देह वारंवार पालटले त्यास शोभून दिसते. घनघोर गर्जना व स्वच्छ गायन यांची अदलाबदल, पडघमांचा अखंड वेग आणि मधूनच येणारा भारतीय वाद्यांचा ध्वनी यांमुळे नरसिंहाचा क्रोध कानांस पटतो. मात्र कृष्ण व बुद्ध यांच्या वाट्यासही जवळजवळ तोच आवेश यावा, हा आम्हांस दोष वाटतो. रौद्राची मात्रा सर्वत्र सारखी झाली म्हणजे रौद्रही फिके पडते.

आता मुख्य प्रश्न. माणसे बदलली, तर संस्था तीच राहिली असे कशाच्या आधारे म्हणावे? राळेगणसिद्धीसारख्या कोणत्याही गावातील भजनी मंडळ घ्या. टाळकरी पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, परंतु अभंग सर्वांच्या मालकीचे असल्याने मंडळ तुटत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८० साली तिचा उदय झाला. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. तरी मंडळी चालली. १९१३ साली बालगंधर्व बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हाही 'सौभद्र' दोन्हीकडे जिवंत राहिले. तेथे कृती व्यक्तीहून मोठी ठरली होती.

अमेरिकेत थ्रॅश मेटलच्या आरंभी असाच प्रसंग घडला. १९८३ साली 'मेटॅलिका'ने डेव्ह मस्टेन यांस काढून टाकले. त्यांनी 'मेगाडेथ' उभारले. पण 'मेटॅलिका'च्या त्याच वर्षीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील चार गीतांवर त्यांचे नाव राहिले. मनुष्य गेला, त्याचे ऋण मात्र नोंदले गेले.

आमच्या मते ह्यातच खरी कसोटी आहे. एका पुरुषाच्या चिकाटीवर सतरा वर्षांत इतके कार्य उभे राहावे, हे आमच्या देशात लहान यश नव्हे, आणि ते आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु संस्थापकाच्या नावाच्या प्रकाशात सोडून गेलेल्या वादकांचे श्रम दिसेनासे होऊ नयेत. रसिकांनी नवी मुद्रिका ऐकताना जुन्या मुद्रिकांवरील नावेही वाचावीत. संस्थापकाविना ही गीते कोणी उद्या वाजवू शकेल, तर ती संस्था. नाही तर ते एका कर्तबगार माणसाचे चरित्र. दोन्ही आदरणीय आहेत, पण दोन्ही एक नव्हेत.